नदीखोऱ्यातली विषं मोजताना: पंधरा महिन्यांच्या कामाचा अनुभव

तयारीचे तीन महिने, त्यानंतर चौदा ठिकाणी दर महिन्याला एक फेरी आणि पुराच्या वेळी जमतील तेवढ्या जादा फेऱ्या. नदीखोऱ्यातले जड धातू, पारा आणि कीटकनाशकं मोजण्याचं हे काम पूर्ण झालं, तेव्हा यातल्या बऱ्याच गोष्टी कुणी आधी सांगितल्या असत्या तर किमान एक अख्खी फेरी वाया गेली नसती असं वाटलं. ज्यांना हे काम नव्याने सुरू करायचं आहे त्यांच्यासाठी घडलं त्याच क्रमाने लिहून ठेवत आहोत.

पहिला महिनाभर नदीवर गेलोच नाही. खोऱ्याचा नकाशा पसरून पाणी कुठून कुठे जातं ते आधी आखलं: मुख्य पात्र, उपनद्या, धरणं, बंधारे, शहरांचे नाले, कारखान्यांची सांडपाण्याची तोंडं, जुन्या खाणी, शेतीचे पट्टे, कचऱ्याचे डेपो. मग प्रत्येकासमोर तिथून येऊ शकतील ती विषं लिहिली. धातूंवर मुलामा देण्याचे कारखाने असतील तर निकेल, जस्त, क्रोमियम आणि सायनाइड. चामडं कमावलं जात असेल तर क्रोमियम. सल्फाइड खनिजांची बंद पडलेली खाण असेल तर तिथून झिरपणारं आम्लयुक्त पाणी आणि त्यात विरघळलेलं आर्सेनिक, कॅडमियम, शिसं. रस्त्यांवरून वाहून येणाऱ्या पाण्यात तांबं, जस्त आणि इंधन अर्धवट जळून तयार होणारी बहुचक्रीय हायड्रोकार्बन. शेतातून हंगामाप्रमाणे तणनाशकं आणि कीटकनाशकं. सगळंच तपासू म्हटलं तर पैसे पहिल्या दोन फेऱ्यांतच संपतात, आणि निम्म्या गोष्टी तिथे असण्याचं काही कारणच नसतं. ही यादी करायला वेळ लागतो, पण पुढचा सगळा खर्च तिच्यावर ठरतो.

याच महिन्यात आणखी एक निर्णय करावा लागतो: कोणतं विष कशात शोधायचं. पारा, जुनी क्लोरीनयुक्त कीटकनाशकं, पीसीबी (पूर्वी विद्युत उपकरणांच्या तेलात वापरली जाणारी क्लोरीनयुक्त रसायनं) ही पाण्यात फार कमी विरघळतात. ती गाळाला चिकटतात आणि माशांच्या चरबीत किंवा स्नायूंत साठतात. मिनामाताच्या खाडीत १९५६ साली आजार उघड झाला तो पाणी पिऊन झालेला नव्हता, मिथिल पारा साठलेले मासे आणि शिंपले खाल्ल्याने झाला होता. त्यामुळे पाण्याच्या बाटलीत पारा सापडला नाही एवढ्यावर नदी पाऱ्यापासून सुरक्षित आहे असं म्हणता येत नाही. आम्ही विरघळलेले धातू आणि तणनाशकं पाण्यात, पारा आणि पीसीबी गाळात आणि माशांत, अशी विभागणी केली.

मग प्रयोगशाळा. दर विचारण्याआधी, किती खालपर्यंत खात्रीने मोजता ते विचारावं. जागतिक आरोग्य संघटनेचं पिण्याच्या पाण्यातल्या कॅडमियमचं मार्गदर्शक मूल्य लिटरला ३ मायक्रोग्रॅम आहे, शिसं आणि आर्सेनिकचं १०. पण मृदू पाण्यातल्या जलचरांना कॅडमियम १ मायक्रोग्रॅमच्याही खाली बाधतं. ज्या प्रयोगशाळेची मापनमर्यादा ५ मायक्रोग्रॅम आहे ती वर्षभर प्रत्येक अहवालात ‘आढळले नाही’ असं प्रामाणिकपणे लिहून देईल आणि त्या कागदाचा काही उपयोग होणार नाही. युरोपीय संघाच्या २००९ च्या निर्देशात यासाठी एक सोपा हिशोब आहे: मापनमर्यादा ही निकषाच्या ३० टक्क्यांपेक्षा जास्त नसावी. आम्ही हा आकडा प्रत्येक घटकासमोर लिहून दोन प्रयोगशाळांना पाठवला आणि लेखी उत्तर घेतलं. खालपर्यंत मोजणारीचे दर जास्त होते. तरी तिलाच काम दिलं आणि ठिकाणं वीसवरून चौदावर आणली. कमी ठिकाणी पण विश्वास ठेवता येईल असं मोजलेलं बरं.

दुसरा महिना परवानग्यांचा. खाजगी जमिनीतून काठावर उतरायचं असेल तर मालकाची लेखी संमती, पुलावरून दोरी सोडायची असेल तर पूल ज्या खात्याकडे आहे त्यांची, मासे पकडायचे असतील तर मत्स्य खात्याची, आणि धरणाच्या आसपास जायचं असेल तर धरणाच्या कार्यालयाची. अर्जासोबत नकाशा, ठिकाणांचे अक्षांश-रेखांश, फेऱ्यांच्या तारखा, माणसांची संख्या आणि आम्ल सोबत नेणार असल्याचा स्पष्ट उल्लेख, एवढं पहिल्याच वेळी जोडलं की फाइल परत येत नाही. पुलाच्या परवानगीला आम्हाला सहा आठवडे लागले, कारण वाहतुकीच्या बाजूला कठडा आणि झेंडे कसे लावणार याचा आराखडा आम्ही आधी दिलेला नव्हता. धरणाच्या कार्यालयाकडे जाल तेव्हा विसर्गाची तासागणिक नोंद मिळण्याचाही अर्ज त्याच वेळी द्या. ती नोंद पुढे लागतेच. शिवाय पाणी सोडायच्या वेळा माहीत नसताना पात्रात उतरणं जिवावर बेतू शकतं.

ठिकाणं कागदावर ठरवून भागत नाही. नाला नदीला मिळाला की त्याचं पाणी लगेच एकजीव होत नाही. रुंद आणि उथळ पात्रात ते कित्येकदा काही किलोमीटर एकाच काठाला धरून जातं. त्याच काठावर नमुना घेतला तर नदी मरणपंथाला लागल्यासारखी दिसते, समोरच्या काठावर घेतला तर निर्मळ. हे तपासायला महागडं काही लागत नाही. विद्युतवाहकतेचं मीटर घेऊन एका काठापासून दुसऱ्यापर्यंत सहा-सात ठिकाणी मोजायचं. आकडा एका बाजूकडून दुसरीकडे सरकत गेला तर पाणी अजून मिसळलेलं नाही, आणखी खाली जायचं. आमची चौदापैकी चार ठिकाणं अशी खाली सरकली. प्रत्येक मोठ्या नाल्याच्या वर एक, पाणी मिसळल्यावर खाली एक, प्रत्येक उपनदीवर संगमाच्या आधी एक आणि उगमाकडे माणसाचा फारसा हात न लागलेलं एक, अशी शेवटी मांडणी झाली. उगमाकडचं ठिकाण कुणी वगळू नये. खडकातूनच आर्सेनिक येत असेल तर ते तिथेच कळतं, नाहीतर सगळा दोष खालच्या कारखान्यावर जातो.

तिसरा महिना बाटल्यांमध्ये गेला. हे काम कंटाळवाणं आहे आणि चुका सगळ्यात जास्त इथेच होतात. धातूंसाठी प्लॅस्टिकच्या बाटल्या, दहा टक्के नायट्रिक आम्लात दिवसभर बुडवून, अतिशुद्ध पाण्याने तीनदा खळबळून, दोन-दोन झिपच्या पिशव्यांत बंद केलेल्या. पाऱ्यासाठी काच किंवा फ्लोरोपॉलिमर (टेफ्लॉनसारखं प्लॅस्टिक), कारण साध्या प्लॅस्टिकच्या भिंतीतून पाऱ्याची वाफ आत-बाहेर होते. कीटकनाशकांसाठी गडद तपकिरी काच. ती प्लॅस्टिकला चिकटतात आणि काही उजेडाने मोडतात. बाष्पनशील द्रावकांसाठी ४० मिलीची छोटी बाटली, काठोकाठ भरून, उलटी केल्यावर एकही बुडबुडा दिसता कामा नये. सायनाइडच्या बाटलीत सोडियम हायड्रॉक्साइड घालून सामू १२ च्या वर न्यावा लागतो. ती बाटली आणि धातूंच्या आम्लाची बाटली एकाच पेटीत नको, कारण आम्ल सायनाइडला लागलं तर विषारी वायू सुटतो.

आणखी एक पेच. पाण्यात न मोडणाऱ्या पीफास गटातल्या रसायनांसाठी नमुना घ्यायचा असेल तर फ्लोरोपॉलिमर अजिबात चालत नाही. त्या बाटल्यांतून, टेफ्लॉनच्या नळ्यांतून आणि पाणी न शोषणाऱ्या पावसाळी कपड्यांवरूनही तीच रसायनं नमुन्यात येऊ शकतात. म्हणजे पाऱ्याला जे उत्तम तेच पीफासला घातक. आम्ही त्यासाठी फेरीच वेगळी ठेवली.

चौथ्या महिन्यात पहिली फेरी. धातूंचे नमुने घेताना अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या १६६९ क्रमांकाच्या पद्धतीतली दोन माणसांची विभागणी आम्ही जशीच्या तशी घेतली: एकाचे हात स्वच्छ, एकाचे मळके. मळक्या हातांचा माणूस पेटी उघडतो, दोरी धरतो, मीटर वाचतो, वहीत लिहितो, बाहेरची पिशवी उघडून धरतो. स्वच्छ हातांचा माणूस फक्त आतली पिशवी, बाटली आणि झाकण यांनाच हात लावतो. हातमोजे पावडर नसलेले आणि प्रत्येक ठिकाणी नवे. पुलावर उभं असताना हे शब्दशः पाळणं अवघड जातं. नाकाला खाज येते, चष्मा घसरतो, पेन पडतं आणि हात आपोआप पुढे जातो. असा हात कशालाही लागला की हातमोजे बदलायचे. काठावर उतरून नमुना घेताना प्रवाहाकडे तोंड करून, बाटली वरच्या अंगाला पाण्याखाली उघडायची आणि पाण्याखालीच बंद करायची. त्याने पृष्ठभागावरचा तवंग आत येत नाही आणि आपल्या पायांनी ढवळलेला गाळही येत नाही.

गाळणं आणि आम्ल घालणं यांचा क्रम चुकला तर अख्खी फेरी वाया. विरघळलेले धातू हवे असतील तर आधी ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून जागेवरच गाळायचं, पहिलं थोडं पाणी टाकून द्यायचं, मग नायट्रिक आम्ल घालून सामू २ च्या खाली आणायचा. अर्ध्या लिटरला साधारण १ मिली तीव्र आम्ल पुरतं. आधी आम्ल घातलं तर मातीच्या कणांना चिकटलेले धातू सुटतात आणि तेही विरघळलेल्यांत मोजले जातात. गढूळ पाण्यात फिल्टर लवकर चोंदतो. चोंदलेल्या फिल्टरची छिद्रं बारीक होतात आणि आकडा खोटाच कमी येतो, म्हणून धार मंदावली की फिल्टर बदलावा. सहा संयुजेच्या, म्हणजे जास्त विषारी रूपातल्या क्रोमियमला चोवीस तासांत प्रयोगशाळेत पोचवायचं असतं. ते ठिकाण फेरीत शेवटी ठेवलं की जमतं. कीटकनाशकांचे नमुने बर्फात, सात दिवसांच्या आत प्रयोगशाळेने त्यांचं निष्कर्षण करायला, म्हणजे पाण्यातून रसायनं वेगळी काढायला हवीत.

पहिल्या फेरीचा अहवाल यायला पाच आठवडे लागले. चौदाही ठिकाणी जस्त होतं, उगमाकडच्या ठिकाणीसुद्धा, आणि जवळजवळ सारखंच. पहिल्यांदा वाटलं खोऱ्यात सगळीकडेच जस्त आहे. मग ब्लँकचा आकडा पाहिला. ब्लँक म्हणजे प्रयोगशाळेतून नेलेलं अतिशुद्ध पाणी, जे नदीकाठी त्याच साधनातून, त्याच फिल्टरमधून, त्याच बाटलीत भरून परत पाठवतात. त्यात काहीच नको असतं. आमच्या ब्लँकमध्येही तेवढंच जस्त होतं. शोधायला दोन दिवस गेले. बाटल्या तपासल्या, हातमोजे तपासले, आम्लाची नवी बाटली फोडून पाहिली. शेवटी नमुनापात्र दोरीला अडकवायची कडी हातात घेतली तेव्हा लक्षात आलं. ती जस्ताचा मुलामा दिलेली होती आणि घासून घासून जिथे चकचकीत झाली होती तिथूनच पाणी थेंबाथेंबाने पात्रात उतरत होतं. नायलॉनची कडी लावली, दोरीचा शेवटचा दोन मीटर भाग बदलला, पुढच्या फेरीत ब्लँक स्वच्छ आला. पहिल्या फेरीचे जस्ताचे सगळे आकडे बाद करावे लागले.

तेव्हापासून आम्ही प्रत्येक फेरीत एक ब्लँक, दर दहा नमुन्यांमागे एकाच जागी घेतलेली एक जुळी बाटली आणि प्रयोगशाळेला न सांगता पाठवलेला एक ज्ञात प्रमाणाचा नमुना, असं ठेवलं. या तिन्हींच्या तपासणीला नदीच्या नमुन्याइतकेच पैसे लागतात आणि तिथे काटछाट करावीशी वाटते. ती करू नये. लिटरला एक मायक्रोग्रॅम म्हणजे अब्जात एक भाग. एवढ्या बारीक मापात नदीइतकंच आपलं साधन, आपले हात आणि रस्त्यावरची धूळही बोलत असते, आणि कुठला आकडा नदीचा हे फक्त ब्लँक सांगतो.

पुढचे महिने एका लयीत गेले. एक गोष्ट मात्र तिसऱ्या फेरीनंतर लक्षात आली: वेळ. किंचित अल्कधर्मी ओढ्यांत विरघळलेलं जस्त आणि कॅडमियम रात्री वाढतं, दुपारी उतरतं, आर्सेनिकचं उलट. दिवसा पाणवनस्पती आणि शेवाळ कार्बन डायऑक्साइड ओढून घेतात, सामू चढतो आणि धातू तळाच्या दगडांवरच्या थरांना चिकटतात. हा दिवस-रात्रीचा फरक काही ओढ्यांत कित्येक पटींचा असतो. एका महिन्यात सकाळी सातला आणि पुढच्या महिन्यात दुपारी तीनला नमुना घेतला, तर जी घट दिसते ती नदी सुधारल्याची नसते. तेव्हापासून प्रत्येक ठिकाणाची वेळ ठरवून टाकली आणि तासाच्या आत पोचलो नाही तर तसं वहीत लिहिलं.

नमुन्यासोबत प्रवाह मोजलाच पाहिजे. पात्राच्या रुंदीचे पंचवीस-तीस भाग पाडून प्रत्येकात खोली आणि वेग मोजायचा. उथळ भागात पृष्ठभागापासून खोलीच्या ०.६ वर एकदा, पाऊण मीटरपेक्षा खोल असेल तर ०.२ आणि ०.८ वर दोनदा. कंटाळा येतो, दीड-दोन तास जातात. पण लिटरला १ मायक्रोग्रॅम हा आकडा किरकोळ वाटतो, आणि नदी सेकंदाला १०० घनमीटर वाहत असेल तर तेच दिवसाला ८.६४ किलो होतं. कुठल्या उपनदीतून किती विष येतं हे अशा किलोंवरूनच ठरवता येतं. आमच्याकडे सगळ्यात गढूळ दिसणारी उपनदी या हिशोबात तिसऱ्या क्रमांकावर गेली.

पहिल्या मोठ्या पावसाची फेरी सगळ्यात दमवणारी. कोरड्या महिन्यांत रस्त्यांवर, गटारांत, शेतांत साचलेलं सगळं त्या पहिल्या लोंढ्यात येतं, आणि गाळाचा कळस बहुधा पाण्याच्या कळसाआधी येऊन जातो. म्हणजे पाणी चढत असतानाच नमुने हवेत. पूर ओसरताना पोचलात तर उशीर झाला. आम्ही वरच्या पर्जन्यमापकांचे आकडे पाहून निघायची सवय लावली, बाटल्यांच्या पेट्या कायम भरून ठेवल्या, दोनदा रिकाम्या हातांनी परतलो आणि तिसऱ्यांदा चढतं पाणी सापडलं. पुरात पात्रात उतरायचं नाही, फक्त पुलावरून, आणि दोरी कठड्याला कधीही बांधायची नाही. वाहून येणारं झाड अडकलं तर साधन हातातून सोडून देता आलं पाहिजे.

महिन्यातून एकदा भरलेली बाटली ही फार तर काही सेकंदांची नदी असते. १ नोव्हेंबर १९८६ ला बाझेलजवळ रसायनांच्या गोदामाला आग लागली, ती विझवायला मारलेलं पाणी कीटकनाशकं घेऊन ऱ्हाईनमध्ये उतरलं आणि खाली शेकडो किलोमीटरपर्यंत ईल मासे मेले. असे झटके महिन्याच्या फेरीत सापडायची शक्यता फार कमी. त्यासाठी आम्ही चार ठिकाणी पाण्यात दोन ते चार आठवडे टांगून ठेवायचे शोषक वापरले: धातूंसाठी जेलचे, तेलात विरघळणाऱ्या रसायनांसाठी सिलिकॉन रबराच्या पट्ट्या. ते त्या काळातलं सरासरी प्रमाण देतात. जाळीचा पिंजरा करून पाण्याखाली, तळापासून थोडा वर, आणि नजरेत येणार नाही असा बांधायचा. आमचे दोन पिंजरे गेले, एक पुरात, एक कुणी तरी काढून नेला. शेवाळाचा थर चढला की शोषण मंदावतं, म्हणून काढताना फोटो घ्यावा.

गाळ वर्षातून दोनदा घेतला, पूर ओसरल्यावर आणि पाणी सगळ्यात कमी असताना. शांत पाण्याच्या खोबणीतला वरचा दोन सेंटीमीटर थरच घ्यायचा. धातूंसाठी प्लॅस्टिकचा चमचा, पीसीबीसाठी स्टीलचा. धातू बारीक कणांना धरून असतात, त्यामुळे ६३ मायक्रॉनच्या नायलॉन चाळणीतून गेलेला भागच तपासायचा. नाहीतर वाळूचं ठिकाण स्वच्छ दिसतं आणि चिकणमातीचं घाण. पितळेची चाळणी वापरली तर तांबं आणि जस्त तिथूनच येतं. माशांची जात आणि लांबी शक्य तितकी सारखी ठेवा, कारण म्हाताऱ्या शिकारी माशात पारा तसाही जास्तच असतो.

शेवटचे काही आठवडे आकड्यांत गेले. ‘<०.५’ (म्हणजे मापनमर्यादेच्या खाली) असं आलं तर तिथे शून्य लिहू नका आणि ते वगळूही नका. चिन्हासकट ठेवा, म्हणजे पुढे कुणाला योग्य सांख्यिकी पद्धत लावता येते. तांबं, जस्त, कॅडमियम यांच्या आकड्याशेजारी त्या दिवसाचा पाण्याचा जडपणा (कॅल्शियम-मॅग्नेशियमचं प्रमाण) हवाच, कारण मृदू पाण्यात तेवढाच धातू माशाला जास्त बाधतो. प्रत्येक ओळीत वेळ, प्रवाह, फिल्टर केलं की नाही, मापनमर्यादा आणि त्या फेरीचा ब्लँक. नमुना कुणी कुणाकडे किती वाजता दिला त्याचा सह्यांचा कागद स्कॅन करून सोबत ठेवला. एका सांडपाण्याच्या तोंडाबद्दलच्या आमच्या निष्कर्षावर संबंधितांनी आक्षेप घेतला तेव्हा पहिल्यांदा हाच कागद मागितला गेला, दुसऱ्यांदा ब्लँकचा अहवाल.

काम संपलं तरी गाळाचे आणि माशांचे उरलेले नमुने टाकले नाहीत. पीसीबी आणि पाऱ्याव्यतिरिक्त आज यादीत नसलेलं एखादं रसायन पाच वर्षांनी शोधावंसं वाटलं, तर मागची पातळी सांगायला दुसरं काही उरणार नाही. सुकवलेला गाळ आणि गोठवलेले स्नायू उणे २० अंशांवर काचेच्या बरण्यांत ठेवले आहेत. शाई थंडीत आणि द्रावकाने पुसली जाते, म्हणून लेबल पेन्सिलीने लिहिलेलं, एक बरणीवर चिकटवलेलं आणि एक बाहेरच्या पिशवीत.